प्रश्न तुमचे : पुंजयामिकी, गाजरापासून हायड्रोजनपर्यंत

क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे पुंजयामिकी, शिकताना ज्या गणितांचं उत्तर मोजमापाशी ताडून बघता येतं अशा गणितांवरचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत पुन्हा पुन्हा लागणारे आकडे आधीच देऊन ठेवतो. प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे १२४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट-नॅनोमीटर. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १२४० चा वर्ग करून त्याला ५,११,००० च्या आठपटीने भागलं की ०.३७६ येतं. एक नॅनोमीटर लांबीच्या पेटीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची सर्वांत खालची पातळी ती हीच, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. याच ०.३७६ ला पायच्या (π) वर्गाने भागलं की ०.०३८१, श्रोडिंगर समीकरणात दुसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या मागे असणारा गुणक. खोलीच्या तापमानाची ऊर्जा ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जूल आणि किलोग्रॅम घेऊन बसलात तर दहाचे घात सांभाळण्यातच वेळ जातो आणि पन्नास ऋण घातांमध्ये झालेली चूक नजरेला दिसत नाही. पुढे सगळीकडे इलेक्ट्रॉन-व्होल्टला ईव्ही म्हटलं आहे.

बॉक्समधल्या कणाचं गणित परीक्षेपुरतं पाठ आहे. पण अशी पेटी प्रत्यक्षात असते कुठे, आणि तिचं उत्तर मोजून बघता येतं का?
— बी.एस्सी. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, लातूर

भाजीच्या टोपलीत असते. गाजराचा रंग बीटा-कॅरोटीनमुळे येतो. या रेणूत कार्बनच्या साखळीवर एकाआड एक असे अकरा दुहेरी बंध आहेत. प्रत्येक दुहेरी बंधातले दोन पाय (π) इलेक्ट्रॉन एका जागी न राहता साखळीभर फिरतात असं धरायचं. साखळी ही पेटी, बावीस इलेक्ट्रॉन हे आतले कण.

लांबी काढा. बावीस कार्बन म्हणजे मधले एकवीस बंध, सरासरी ०.१४ नॅनोमीटरचा एक, पेटी २.९४ नॅनोमीटरची. एका पातळीत दोनच इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून अकरा पातळ्या भरल्या. प्रकाशाचा फोटॉन अकराव्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन बाराव्या पातळीवर नेतो. इथेच निम्मी मुलं बाविसाव्यावरून तेविसाव्यावर उडी मारतात आणि उत्तर जवळजवळ दुप्पट येतं. पातळीची ऊर्जा तिच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढते आणि पेटीच्या लांबीच्या वर्गाने घटते. बाराचा वर्ग वजा अकराचा वर्ग म्हणजे २३, लांबीचा वर्ग ८.६४. तेव्हा ऊर्जा = २३ × ०.३७६ ÷ ८.६४ = १.०० ईव्ही. तरंगलांबी १२४० नॅनोमीटर.

ही इन्फ्रारेड झाली, डोळ्याला दिसणारच नाही. प्रत्यक्षात बीटा-कॅरोटीन ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं, म्हणजे २.७५ ईव्ही. हिशोब जवळपास तिपटीने चुकला. बहुतेक जण इथे पेटीची लांबी थोडी कमी-जास्त करून उत्तर जुळवायला जातात. करून बघा: २.७५ साठी पेटी १.७७ नॅनोमीटरची करावी लागते. साखळीचा चाळीस टक्के भाग कापून टाकायचा कुठल्या कारणाने? आणि टोकांना अर्धा-अर्धा बंध जास्तीचा धरावा, अशी जी नेहमीची सूचना असते, ती पाळली तर उत्तर १.०० वरून ०.९१ वर उतरतं, म्हणजे आणखी बिघडतं.

दोष लांबीचा नाही, पेटीच्या तळाचा आहे. आपण तळ सपाट धरला. बीटा-कॅरोटीनमध्ये बंध एकसारखे नाहीत. दुहेरी आखूड, एकेरी लांब. त्यामुळे इलेक्ट्रॉनला लागणारा तळ दर दोन अणूंमागे वर-खाली होणारा, पन्हाळी पत्र्यासारखा असतो. अकराव्या पातळीच्या लाटेची लांबी आणि या पन्हाळीची लांबी यांचा मेळ असा बसतो, की अकराव्या लाटेचे फुगवटे आखूड बंधांवर पडतात आणि बाराव्या लाटेचे लांब बंधांवर. पहिलीची ऊर्जा खाली जाते, दुसरीची वर, आणि नेमक्या भरलेल्या व रिकाम्या पातळ्यांच्या मध्ये दरी पडते. रसायनशास्त्रज्ञ हान्स कून यांनी १९४९ साली ही दरी साध्या सूत्रात आणली: पेटीच्या उत्तरात सुमारे २ ईव्ही गुणिले (१ वजा इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा व्यस्त) एवढं मिळवायचं. आपल्याकडे २ × २१/२२ = १.९१. एकूण २.९१ ईव्ही, तरंगलांबी ४२६ नॅनोमीटर. साठ-सत्तर शब्दांच्या युक्तिवादातून आलेला आकडा म्हणून हे उत्तर फार चांगलं आहे.

सपाट तळाची पेटी कुठे चालते? सायनाइन रंगद्रव्यांत. तिथे दोन्ही टोकांना नायट्रोजन असतो, धनभार इकडून तिकडे सरकू शकतो, म्हणून बंध जवळजवळ सारखे होतात. साखळीत दोन कार्बन वाढवले की शोषण दर वेळी सुमारे १०० नॅनोमीटरने लाल बाजूला सरकतं. पेटीचं गणितही साधारण तेवढाच, थोडा जास्त सरक देतं. गाजराच्या जातीच्या साखळ्यांत हा सरक प्रत्येक टप्प्याला आक्रसत जातो, कारण साखळी कितीही लांब केली तरी ती २ ईव्हीची दरी शिल्लक राहते. सेमीकंडक्टरमधली बॅंड गॅप म्हणतात ती हीच कल्पना, एका रेणूत बघायला मिळालेली.

जाता जाता: टोमॅटोतल्या लायकोपीनमध्येही एका रांगेतले अकराच दुहेरी बंध आहेत, तरी ते जास्त लाल. कॅरोटीनच्या दोन टोकांचे दुहेरी बंध कड्यांमध्ये आहेत आणि ती कडी साखळीच्या प्रतलातून पिळलेली असतात. इलेक्ट्रॉनला ती टोकं पुरती वापरता येत नाहीत. पेटीच्या गणिताला हा फरक दिसत नाही, दोघांना ते एकच उत्तर देतं.

एलईडी वापरून प्लांकचा स्थिरांक काढण्याचा प्रयोग आम्ही बारावीच्या मुलांना देतो. लाल एलईडी पेटू लागल्यावर १.६ व्होल्ट दाखवतो, त्यातून ५.४ येतं (सगळे आकडे १०⁻³⁴ जूल-सेकंदात). निळा नीट पेटलेला असताना ३.२ व्होल्ट, त्यातून ७.९. पुस्तकातलं ६.६३ कधी येणार?
— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

तुमची दोन्ही वाचनं बरोबर आहेत, चुकलंय ते "व्होल्टेज गुणिले विद्युतभार म्हणजे फोटॉनची ऊर्जा" हे समीकरण. एलईडीला उंबरठा नसतो. त्यातला प्रवाह व्होल्टेजबरोबर घातांकी वाढतो, त्यामुळे "पेटला" हा क्षण तुमच्या डोळ्यावर आणि खोलीतल्या अंधारावर ठरतो. अंधारात लाल एलईडी फोटॉनच्या ऊर्जेपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजला मिणमिणताना दिसतो, कारण उरलेली ऊर्जा उष्णतेने आधीच जोरात असलेल्या थोड्या इलेक्ट्रॉनांकडून येते. म्हणून तुमचं ५.४. उलट वीस मिलिअँपिअर वाहत असताना निळ्या एलईडीच्या आतल्या रोधावर पाव-अर्धा व्होल्ट वाया जातो. म्हणून ७.९.

उपाय असा, की एका एलईडीवरून उत्तर काढायचंच नाही. सगळ्यांत अगदी कमी आणि अगदी सारखा प्रवाह ठेवायचा, व्होल्टेज विरुद्ध वारंवारता असा आलेख काढायचा आणि फक्त चढ वापरायचा. सगळ्यांना समान असलेला घाटा मग रेषेच्या छेदात जातो, चढात येत नाही.

जोडणी: ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचं पोटेन्शिओमीटर तिन्ही टोकं वापरून (दोनच टोकं वापरली तर प्रवाह शून्यापर्यंत खाली आणता येत नाही), मधल्या टोकापासून १ किलोओहमचा रेझिस्टर आणि मग एलईडी. एक मल्टिमीटर एलईडीवर, दुसरा रेझिस्टरवर. रेझिस्टर नेमका १ किलोओहमचा असला की त्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. वेगळा अँपिअरमीटर लागत नाही आणि मीटरचा फ्यूजही वाचतो. रेझिस्टरवर ५० मिलिव्होल्ट दिसेपर्यंत नॉब फिरवा, एलईडीचं व्होल्टेज लिहा, पुढचा एलईडी लावा. निळ्याला मीटर २ व्होल्टच्या रेंजवर असेल तर डिस्प्लेवर डावीकडे नुसता १ दिसतो; तो बिघाड नाही, रेंज २० वर न्या. बहुतेक डिजिटल मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो ०.२ मायक्रोअँपिअर खातो. पन्नासापुढे ते नगण्य. पण कुणी एक मायक्रोअँपिअरवर प्रयोग करायला गेलं तर वीस टक्के प्रवाह मीटरमधूनच जाईल.

एलईडी निवडताना पाण्यासारख्या पारदर्शक आवरणाचे घ्या. रंगीत प्लॅस्टिकच्या आत कुठला चिप आहे हे रंगावरून ठरत नाही. पांढरा आणि गुलाबी बाद, कारण ते बहुधा निळ्या चिपवर फॉस्फरचा लेप दिलेले असतात. पांढऱ्याचं व्होल्टेज मोजाल तर निळ्याचंच मिळेल. (हेच मुलांना आधी न सांगता मोजायला द्या, मजा येते.) टीव्हीच्या रिमोटमधला ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड मात्र नक्की घ्या. त्यामुळे आलेखाचा पाया दुपटीने रुंद होतो. ९४० ची वारंवारता ३.१९, लाल ६३० ची ४.७६, निळ्या ४६५ ची ६.४५, सगळ्या १०¹⁴ हर्ट्झमध्ये. लाल-निळ्यात व्होल्टेजचा फरक ०.७० यायला हवा, इन्फ्रारेड-निळ्यात १.३५. वाचनात ०.०५ व्होल्टची गडबड झाली तर पहिल्या जोडीत सात टक्के चूक, दुसरीत चारहून कमी.

तरंगलांबी दुकानदाराच्या "लाल"वर सोडू नका. डेटाशीटमध्ये दोन आकडे असतात, पीक आणि डॉमिनंट. डॉमिनंट हा डोळ्याला जाणवणाऱ्या रंगाचा, पीक हा प्रकाश सर्वांत तीव्र असतो त्या तरंगलांबीचा. आपल्याला पीक हवा. डेटाशीट नसेल तर सीडीचा तुकडा ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेषांची पट्टी) म्हणून चालतो. तिच्यावरच्या रेषा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात.

इतकं केल्यावरही सगळे बिंदू रेषेवर बसणार नाहीत, विशेषतः हिरवा. लाल-पिवळे एलईडी फॉस्फाइडच्या मिश्रणाचे, हिरवे-निळे नायट्राइडचे. जुना ५६५ नॅनोमीटरचा पोपटी गॅलियम फॉस्फाइडचा, ज्याचा प्रकाश देण्याचा मार्गच आडवळणाचा आहे. घाटा सर्वांना समान हे आपलं गृहीतक तिथे मोडतं. दहा टक्क्यांच्या आत उत्तर आलं तर पूर्ण गुण द्यावेत. ज्याच्या वहीत नेमकं ६.६३ आहे त्याची कच्ची वाचनं मागून घ्यावीत.

इंजिनिअरिंग होऊन पंधरा वर्षं झाली. डिफरन्शियल इक्वेशन सोडवायचं विसरलो आहे. हर्माइट पॉलिनॉमियल वगैरेंच्या वाटेला न जाता ऊर्जापातळ्या का तुटक येतात हे हाताने बघता येईल का?
— वाचक, चिंचवड

एक्सेलमध्ये दोन स्तंभ पुरतात. हार्मोनिक ऑसिलेटर, म्हणजे स्प्रिंगला बांधल्यासारखा कण, घ्या, आणि एकक असं निवडा की समीकरण इतकंच उरेल: सायचा दुसरा डेरिव्हेटिव्ह = (क्षचा वर्ग − ई) × साय. इथे साय (ψ) म्हणजे कणाची लाट, क्ष म्हणजे मध्यापासूनचं अंतर आणि ई म्हणजे ऊर्जेची दुप्पट भागिले ऑसिलेटरचा क्वांटम. खरी उत्तरं १, ३, ५ येतात, पण ती विसरून जा.

पहिल्या स्तंभात क्ष, शून्यापासून ०.०१ च्या पायरीने ५ पर्यंत, पाचशे ओळी. एका वेगळ्या खान्यात ई. दुसऱ्या स्तंभात साय: पहिल्या ओळीत १. दुसऱ्या ओळीत १ वजा (पायरीचा वर्ग × ई ÷ २). तिसऱ्यापासून पुढे प्रत्येक ओळीत: आधीच्या सायची दुप्पट, वजा त्याच्या आधीचा साय, अधिक पायरीचा वर्ग × (आधीच्या क्षचा वर्ग − ई) × आधीचा साय. सूत्र खाली ओढा, आलेख लावा. ई चा खाना सूत्रात डॉलरच्या खुणांनी बांधून ठेवा, नाहीतर ओढताना तो खाली सरकतो आणि आलेख निरर्थक होतो. सर्वाधिक दिसणारी चूक हीच.

आता ई = ०.९ लिहा. आलेख खाली येतो आणि क्ष ३ च्या पुढे आकाशात जातो. १.१ लिहा, शून्याला छेदून पाताळात. ०.९९ वर पुन्हा वर, १.०१ वर पुन्हा खाली, फक्त थोडं उशिरा. शेपूट कुठल्या बाजूला उडते हे बघत दर वेळी मधला आकडा घेत जा. दहा-बारा प्रयत्नांत १ च्या शेजारी पोचता. तिथेच काय ती लाट दोन्हीकडे शून्याला टेकते. मधल्या कुठल्याही ऊर्जेला समीकरणाचं उत्तर असतं, पण ते दूरवर अनंताकडे पळतं, म्हणून कण तिथे असण्याची शक्यता लिहिताच येत नाही. पातळ्या तुटक का, याचं कारण पाचशे ओळींच्या शेवटच्या खान्यात दिसतं.

दोन सूचना. दुसऱ्या ओळीतही सरळ १ लिहिलं तर लाट सुरुवातीलाच किंचित तिरकी निघते आणि उत्तर १.००६ च्या आसपास येतं. पायरी लहान केल्यावर चूक त्याच प्रमाणात घटते का, हे पाहून ती पकडता येते. दुसरं, क्ष ५ च्या फार पुढे जाऊ नका. अचूक ई सुद्धा एक्सेल पंधरा अंकांपलीकडे धरू शकत नाही, आणि तिथे उरलेली इवलीशी चूक क्षच्या वर्गाच्या घातांकाने फुगते. आठ-दहाला शेपूट उडणारच. तो पुंजयामिकीचा दोष नाही.

एवढं जमलं की सूत्रातला क्षचा वर्ग पुसून तिथे क्षचा चौथा घात टाका. या विभवाचं (पोटेन्शियलचं) सुटसुटीत सूत्र कुठल्याही पुस्तकात नाही, तरी सर्वांत खालची पातळी १.०६०४ तुम्हाला दहा मिनिटांत मिळेल. विषम पातळ्यांसाठी पहिल्या ओळीत ०, दुसरीत ०.०१; मग ३.७९९७.

हायड्रोजन क्लोराइडच्या स्पेक्ट्रममधल्या लगतच्या ओळींच्या २०.९ प्रति सेंटिमीटर अंतरावरून बंधाची लांबी ०.०२१५ नॅनोमीटर आली. पुस्तकात ०.१२८ आहे. घातांक तीनदा तपासले.
— एम.एस्सी. विद्यार्थी, अमरावती

घातांक ठीक आहेत. तुमचं उत्तर सहापट लहान आहे, आणि क्लोरीनचं वस्तुमान व रेणूचं रिड्यूस्ड मास (दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज) यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ ५.९७ येतं. तुम्ही क्लोरीनचं वस्तुमान, ३५, घातलंत. घालायला हवं होतं ०.९८, फिरतो तो जवळजवळ एकटा हायड्रोजन. यातच कुणी दोन ओळींमधलं अंतर म्हणजे रोटेशनल स्थिरांक समजलं असतं (ते त्याच्या दुप्पट असतं) तर लांबी ०.०९१ आली असती. चुकीच्या उत्तराचं बरोबर उत्तराशी गुणोत्तर काढलं की चूक बहुधा स्वतःचं नाव सांगते. आणि ०.०२१५ आल्यावर थबकायला हवं होतं: हायड्रोजन अणूची बोर त्रिज्याच ०.०५३ नॅनोमीटर आहे.

टनेलिंगमध्ये कण थोड्या वेळापुरती ऊर्जा उसनी घेऊन भिंत ओलांडतो, हे बरोबर का?
— वाचक, फोंडा, गोवा

नाही. उसनवारीची ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यातून एकही आकडा निघत नाही. कणाची ऊर्जा भिंतीच्या आधी, आत आणि पलीकडे तीच असते. भिंतीत लाट हेलकावे घेणं थांबवते आणि घातांकी विझत जाते. भिंत पातळ असेल तर पूर्ण विझायच्या आत पलीकडे पोचते.

आकडा काढू. सोन्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे ५ ईव्ही लागतात. ५ ला ०.०३८१ ने भागा, वर्गमूळ घ्या: ११.५ प्रति नॅनोमीटर, हा विझण्याचा दर. शक्यता लाटेच्या वर्गाने जाते म्हणून दुप्पट करा. ही दुप्पट विसरणं ही नेहमीची चूक. अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढलं तर घातांक −२.२९, म्हणजे प्रवाह एक दशांश. एका अणूच्या रुंदीपेक्षाही कमी अंतराला दहापट फरक! गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ साली झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक उभा केला तो या एका घातांकावर; १९८६ चं नोबेल त्याला मिळालं. सुईच्या टोकाशी दोन अणू पुढे-मागे असले तरी जवळजवळ सगळा प्रवाह पुढच्याच अणूतून जातो, म्हणून सुई फार अणकुचीदार नसली तरी चित्र अणूइतकं बारीक येतं. हवेत चालवलेल्या उपकरणावर मात्र प्रवाहाचा लॉगॅरिदम आणि अंतर यांचा आलेख काढलात तर भिंत ५ ऐवजी १ ईव्ही किंवा त्याहूनही कमी उंचीची निघते. पृष्ठभागावर बसलेला पाण्याचा आणि मळाचा थर त्याला कारण आहे.

पर्टर्बेशन थिअरीतली (माहीत असलेल्या उत्तरात छोट्या परिणामांची दुरुस्ती करण्याच्या पद्धतीतली) सगळी उदाहरणं "क्षच्या चौथ्या घाताची दुरुस्ती काढा" अशी कोरडी असतात. जिचं उत्तर तीन-चार अंकांपर्यंत मोजमापाशी जुळतं अशी एखादी खरी दुरुस्ती सुचवा. हायड्रोजनची एकवीस सेंटिमीटरची रेषा करून पाहिली, पण १४२० मेगाहर्ट्झच्या जागी ५०९ आले.
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, नागपूर

निवड उत्तम आहे, आणि चूकही एकच आहे. १४२० भागिले ५०९ म्हणजे २.७९. प्रोटॉनचं चुंबकत्व न्यूक्लिअर मॅग्नेटॉन या एककात इतकंच असतं. तुम्ही प्रोटॉनचा जी-गुणक (स्पिनच्या मानाने चुंबकत्व किती ते सांगणारा आकडा) इलेक्ट्रॉनसारखा २ धरलात, तो ५.५८६ आहे. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनसारखा मूलकण नाही, तीन क्वार्क आणि ग्लुऑनांचं गाठोडं आहे, त्यामुळे हा आकडा मोजूनच घ्यावा लागतो.

पूर्ण वाट अशी. हायड्रोजनच्या तळपातळीत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन ही दोन छोटी चुंबकं. दोन चुंबकांमधला ओळखीचा, दिशेवर अवलंबून असणारा भाग इथे शून्य होतो, कारण तळपातळीची लाट गोल आहे आणि सगळ्या दिशांची सरासरी काढली की काही उरत नाही. उरतो तो इलेक्ट्रॉन थेट प्रोटॉनच्या जागी सापडण्याचा भाग. ती घनता म्हणजे एक भागिले (पाय गुणिले बोर त्रिज्येचा घन). दोन स्पिनचा गुणाकार समांतर असताना +१/४, विरुद्ध असताना −३/४. फरक पूर्ण १. कित्येक जण फक्त १/४ धरून थांबतात आणि चौपट कमी उत्तर घेऊन बसतात.

सगळं गोळा केलं की ऊर्जा = ४/३ × ५.५८६ × (इलेक्ट्रॉन व प्रोटॉनच्या वस्तुमानांचं गुणोत्तर, १/१८३६.१५) × (फाइन स्ट्रक्चर स्थिरांकाचा चौथा घात) × ५,११,०००. फाइन स्ट्रक्चर स्थिरांक १/१३७.०३६ घ्या; १/१३७ घेतलात तर चौथा घात चौथ्या अंकात बोंब मारतो. उत्तर ५.८७७ मायक्रो-ईव्ही, म्हणजे १४२१.१६ मेगाहर्ट्झ.

मोजलेली वारंवारता १४२०.४१ आहे. फरक अर्ध्या सहस्रांशाचा, आणि इथे थांबून पाठ थोपटून घ्यायचा मोह होतो. थांबू नका, कारण ही जुळणी थोडी फसवी आहे. प्रोटॉन जागेवर खिळलेला नाही. रिड्यूस्ड मासने बोर त्रिज्या किंचित वाढते आणि केंद्रातली घनता तिच्या घनाने घटते. गुणक ०.९९८३७, उत्तर १४१८.८४. दुरुस्ती केल्यावर उत्तर बिघडलं! आता इलेक्ट्रॉनचा जी-गुणकही नेमका २ नाही, त्याच्या १.००११६ पट आहे. गुणा: १४२०.४९. दोन दुरुस्त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडत होत्या, म्हणून पहिलं उत्तर चांगलं दिसत होतं. उरलेल्या ०.०८ मेगाहर्ट्झमध्ये प्रोटॉनचा आकार आणि आणखी बारीक सापेक्षतावादी व क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या दुरुस्त्या आहेत. तिथे जायला वेगळी हत्यारं लागतात.

या रेषेच्या फोटॉनची ऊर्जा खोलीच्या तापमानाच्या ऊर्जेच्या ४४०० वा भाग आहे, आणि वरच्या पातळीतला अणू आपणहून खाली यायला सरासरी एक कोटी दहा लाख वर्षं घेतो. तरी ती ऐकू येते, कारण दीर्घिकांत हायड्रोजन अमाप आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला, नारायणगावजवळ, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिची वरची मर्यादा १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास असल्याने ही रेषा तिच्या टप्प्यात येते, आणि दूर पळणाऱ्या दीर्घिकांमधून ती खाली सरकूनच येते. रेडशिफ्ट ०.१ असेल तर १४२०.४ ला १.१ ने भागा: १२९१ मेगाहर्ट्झ.